टेलरबाईंचा सांडस

टेलरबाईंनी पस्तीस वर्षांत एकदाही दोन डाव्या बाह्या कापल्या नाहीत. हे त्या स्वतः सांगत, आणि कोणी विचारलं नसलं तरी सांगत. कापड सुलट बाजू आत घेऊन दुमडायचं, एकदाच कात्री चालवायची, की डावी आणि उजवी जोडीनं बाहेर पडते. नवशिके घाईघाईत एकेरी कापडावर तोच कागद दोनदा ठेवतात आणि गिऱ्हाइकाला दोन डावे हात असल्यासारखा सदरा शिवून बसतात. टेलरबाईंच्या हाताखाली शिकून गेलेल्या बारा जणींपैकी नऊ जणींनी असा सदरा कधी ना कधी शिवला होता, आणि त्या नऊही सदऱ्यांचे रंग बाईंना पाठ होते.

अशा या बाईनं सत्तावन्नाव्या वर्षी लोहारकाम शिकायला घेतलं.

कारण विचारलं तर त्या म्हणत, "सुईचं नेढं दिसेनासं झालं. तापलेलं लोखंड चष्म्याशिवायही दिसतं." हे कारण नुसतं सांगण्यापुरतं होतं. खरी गोष्ट अशी, की त्यांच्या मोठ्या कात्रीचा रिवेट ढिला झाला म्हणून त्या गल्लीच्या टोकाच्या लोहाराकडे गेल्या. लोहाराला सगळे बाबाच म्हणत. वय चौऱ्याहत्तर, आणि बोलणं दिवसाकाठी वीस शब्द, तेही बहुतेक कोळशाला उद्देशून. बाबांनी रिवेटवर तीन ठोके टाकले आणि कात्री बाजूला ठेवली. तेवढ्यात भट्टीतली पट्टी पिवळी झाली होती. ती त्यांनी बाहेर काढली आणि बाईंच्या डोळ्यांदेखत चार घावांत वळवून तिचा आकडा केला. बाई तिथंच उभ्या राहिल्या. तिन्हीसांजेला घरी परतल्या तेव्हा कात्री दुकानातच राहिली होती. दुसऱ्या दिवशी कात्री आणायला गेल्या, आणि पुन्हा कात्री विसरून आल्या.

त्यांचे यजमान वजनमापं तपासण्याच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. गल्लीत त्यांना तागडीसाहेब म्हणत. माणूस सज्जन, पण उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचाच पगार खाल्ल्यामुळे घरी बसल्यावर त्यांचे हात शिवशिवत. बायकोचा बेत ऐकून ते म्हणाले, "साठी बुद्धी नाठी असं ऐकलं होतं. तुझी तीन वर्षं आधीच गेलेली दिसते."

"तुमची साठी उलटून सात वर्षं झाली," बाई म्हणाल्या, "मी कधी काही बोलले?"

मागच्या अंगणात मांडामांड झाली. भंगारवाल्याकडून ट्रकच्या चाकातला जुना ब्रेकड्रम आणला, तीन पायांवर उभा केला, त्याच्या तळात नळी घातली आणि नळीच्या दुसऱ्या तोंडाला मुलीनं वाढदिवसाला पाठवलेला केस वाळवायचा ड्रायर बांधला. ही झाली भट्टी. ऐरण मात्र मिळेना. मग एका मोडक्या घणाचं डोकं लाकडी ओंडक्यात रोवलं. वर जी तीन बोटं रुंद जागा उरली तीच ऐरण. तिच्यावर हातोडा चालवला की तिनातले दोन घाव लोखंडावर बसत आणि एक ओंडक्यावर. ओंडका किती उंच असावा हे बाबांनी एका वाक्यात सांगितलं होतं. हात सैल सोडायचा, मूठ वळायची, पेरं जिथं येतील तिथं ऐरणीचं तोंड, म्हणजे कंबर मोडत नाही. तागडीसाहेबांनी हे माप तीनदा घेतलं. तिन्ही वेळा बाईंच्या पायात जाड तळाच्या चपला होत्या, आणि ओंडका कापून झाल्यावर त्यांनी कामासाठी पातळ तळाचे बूट घातले. ओंडका पुन्हा कापावा लागला.

तागडीसाहेब स्वतः हातोड्याला हात लावत नसत. उंटावरून शेळ्या हाकायला एक जण लागतोच, तो मान त्यांनी घेतला. त्यांनी एक वही घातली आणि तिच्यावर 'सुरक्षितता' असं लिहिलं. वहीतला पहिला नियम होता, 'काळं लोखंड थंड असतंच असं नाही.' त्याचं अक्षर अगदी वेडंवाकडं आहे, कारण तो डाव्या हातानं लिहिलेला आहे. जमिनीवर पडलेला काळा तुकडा दिसला, लाली गेलेली होती, म्हणून साहेबांनी तो उचलून जागेवर ठेवावा असं मनात आणलं. तो उचलला गेला, पण जागेवर पोचला नाही. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "हाताची पालथी बाजू जवळ न्यायची. धग लागली तर उचलायचं नाही." हा दुसरा नियम झाला, आणि तोही डाव्याच हातानं लिहावा लागला.

तिसरा नियम नायलॉनचा. एक ठिणगी बाईंच्या गाऊनवर पडली आणि रुपयाएवढं भोक पाडून कातडीला चिकटली. तेव्हापासून बाई साहेबांची जुनी सुती पँट आणि सदरा घालून भट्टीपुढे उभ्या राहू लागल्या. गल्लीत एकाच वेळी दोन तागडीसाहेब दिसू लागले, आणि त्यातले हातोडा मारणारे साहेब जास्त कामाचे आहेत असं समोरच्या इस्त्रीवाल्यानं बोलून दाखवलं. चौथा नियम, भट्टीशेजारी कायम वाळूची बादली. ही बादली साहेबांनी स्वतःच्या अखत्यारीत घेतली. घरी ती कधीच लागली नाही. पण बाई बाबांच्या दुकानात निघाल्या की साहेबही मागोमाग बादली घेऊन निघत, जणू काही बाबा पन्नास वर्षं वाळूवाचून अडले होते.

पाचवा नियम विनोदाचा नाही. बाईंनी जुन्या नळाच्या पाइपचा एक तुकडा भट्टीत घालायचं ठरवलं होतं, आणि सुदैवानं त्या दिवशी त्या बाबांच्या भट्टीवर होत्या. पाइपमधून पांढरा धूर निघायला लागला. बाबा, जे दिवसाला वीस शब्द बोलत, त्यांनी एका दमात महिन्याचे शब्द वापरले. बाईंना दंडाला धरून रस्त्यावर काढलं, पाइप चिमट्यानं उचलून बाहेर मोकळ्यावर फेकला आणि म्हणाले, "जस्ताचा मुलामा असलेलं लोखंड विस्तवात घालतेस? छातीत भरतो तो धूर. मरायचंय का तुला?"

बाईंना रात्रभर हुडहुडी भरून ताप आला. पण सकाळी त्या साहेबांना म्हणाल्या, "आजवर मला अहोजाहो करत होते. काल 'तुला' म्हणाले." त्यांना ती बढती वाटली. खरंच होती ती बढती, कारण बाबांनी पुन्हा कधी त्यांना अहो म्हटलं नाही.

ड्रायर तिसऱ्या आठवड्यात वितळला. मुलीनं फोनवर विचारलं, "आई, ड्रायर आवडला का?" बाई म्हणाल्या, "फार. रोज वापरायचे." यात खोटं काहीच नव्हतं. त्यानंतर हातानं फिरवायचा एक पंखा भंगारात सापडला आणि तो फिरवायचं काम साहेबांवर आलं. ते एका मिनिटाला किती फेरे होतात हे मोजत आणि मोजता मोजता फिरवायचं थांबत.

आठ महिने असे गेले. बाईंनी या काळात सत्तेचाळीस आकडे घडवले. पहिले पंधरा आकडे आकड्यासारखे दिसत नव्हते, पुढचे दिसत होते. गल्लीत दारामागे आकडा नाही असं घर उरलं नाही. काही घरांत टांगायला काही नव्हतं, तरी आकडा होता.

आणि मग एका सोमवारी बाबा दुकान बंद करत असल्याचं कळलं. उजवा खांदा वर जात नव्हता. आता ते आपल्या मुलीकडे राहायला जाणार होते. तिचं घर लांब, तिसऱ्या मजल्यावर. ती रविवारी दुपारी न्यायला येणार होती. भंगारवाला सामान पाहून गेला होता आणि रविवारी बारा वाजता टेम्पो घेऊन येणार होता. ऐरणीसकट.

बाई ऐरणीकडे बघत राहिल्या. मधोमध किंचित खोलगट, एका टोकाला शिंग, तोंड घासून आरशासारखं झालेलं. हातोडा तिच्यावर नुसता सोडला तरी तो आपणहून अर्धा वर येई. घरच्या घणाच्या डोक्यावर सोडलेला हातोडा तिथंच बसून राही. आठ महिन्यांत बाईंना या जगातली दुसरी कोणतीही वस्तू इतकी मनापासून हवीशी वाटली नव्हती. आतासुद्धा मागायचा धीर होत नव्हता.

"बाबा, ही मला द्या," शेवटी त्या म्हणाल्या.

बाबांनी नकारार्थी मान हलवली. "एक दातांचा डॉक्टर आला होता. हौस आहे म्हणाला. माझा मोठा हातोडा घेऊन गेला. त्याच्या दिवाणखान्यात टांगलाय, खाली दिवा लावून. मी बघून आलो." मग म्हणाले, "ऐरणीवर फुलदाणी ठेवण्यापेक्षा ती वितळलेली बरी."

"मी फुलदाणी ठेवीन असं वाटतं तुम्हाला?"

"आकडे सगळेच करतात."

हा घाव वर्मी बसला. बाबांनी भट्टीत दोन फावडी कोळसा सारला, आणि मग, बहुधा बाईंचं तोंड बघून, म्हणाले, "रविवारी टेम्पो यायच्या आत सांडस घडवून आण. स्वतःच्या हातचा. तो लोखंड धरेल तर ऐरण तुझी. नाहीतर ती जाईल."

सांडस म्हणजे तापलेलं लोखंड धरायचा लोहाराचा मोठा चिमटा. साहेबांना हे ऐकून हायसं वाटलं. "सांडशी घरातच आहे की," ते म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की ते बादली घेऊन बाहेर जाऊन उभे राहिले.

अडचण साधी होती. बाईंकडे धड सांडस नव्हता. आकडे लांब सळईच्या टोकाला होत, त्यामुळे दुसरं टोक हातात धरता येई. सांडस घडवायला लोखंड धरायचं तर सांडसच हवा. त्यांनी हे विचारलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "तोही सळईच्या टोकाला घड. तोडायचं सगळ्यात शेवटी." बस, पडत्या फळाची आज्ञा घेऊन बाई घरी आल्या.

मंगळवारी त्यांनी कागदावर आकृती काढली, शिवणाची काढतात तशीच, बाजूला मापं टाकून. प्रत्येक अर्ध्या भागाला एक जबडा, मग रिवेट जिथं बसणार ती चपटी कंबर, मग लांब दांडा. जबडा कंबरेपासून थोडा एका अंगाला सरकलेला. बुधवारी आणि गुरुवारी पहिला अर्धा झाला. लोखंड पिवळं-नारिंगी असताना मारायचं, लाल काळवंडलं की थांबायचं आणि पुन्हा विस्तवात घालायचं, हे आता त्यांच्या हातात बसलं होतं. थंड्या लोखंडावर राग काढला तर ते चिरतं, हेही त्यांनी एक जबडा फुकट घालवून शिकून घेतलं होतं. जबडा उजव्या अंगाला सरकवला, कंबर चपटी केली, तापलेल्या लोखंडातच टोच्यानं भोक पाडलं, दांडा ठोकून निमुळता केला. शेवटी तोडला. बाईंनी तो जमिनीवर ठेवला, पालथा हात जवळ नेऊन बघितला, आणि थंड झाल्यावर उचलून गालाला लावला. त्यांना लाज वाटली, पण बघणारे फक्त साहेब होते.

शुक्रवारी आणि शनिवारी सकाळी दुसरा अर्धा केला. आणि इथे बाईंच्या पस्तीस वर्षांच्या कसबानं त्यांचा घात केला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. एक उजवा झाला, तर दुसरा डावाच व्हायचा. पहिल्याचा जबडा उजवीकडे सरकवला होता, दुसऱ्याचा त्यांनी डावीकडे सरकवला. त्या दोघांचं रूप आरशात पाहावं तसं सारखं आलं होतं. साहेबांनी दोन चिठ्ठ्या लिहून बांधल्या, 'उजवा' आणि 'डावा'. मग दोन्ही तागडीत घातले. काटा मधोमध उभा राहिला. साहेबांचे डोळे पाणावले. "अगं, सरकारी मापंसुद्धा इतकी जुळत नाहीत," ते म्हणाले.

दुपारी बाईंनी दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवले आणि भोकातून एक खिळा घातला.

दोन्ही जबडे एकाच बाजूला गेले, आणि दोन्ही दांडेही एकाच बाजूला. एकावर एक ठेवलेले दोन चमचे दिसतात तसे. दांडे फाकवले तर जबडेही फाकत, पण समोरासमोर काही येईनात. बाईंनी एक अर्धा उलटा केला. आता कंबरेच्या चपट्या बाजू पाठमोऱ्या झाल्या आणि मधे बोटभर फट पडली. दोन्ही उलटे केले. पुन्हा तेच. अर्धा तास त्यांनी त्या दोन तुकड्यांना जितक्या तऱ्हेनं ठेवता येईल तितक्या तऱ्हेनं ठेवून पाहिलं.

"रिवेट मारल्यावर बसेल," साहेब म्हणाले.

"गप्प बसा हो."

"वजन तर बरोबर आहे," साहेब म्हणाले, पण हळूच.

दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळून बाई बाबांकडे गेल्या. दुकान निम्मं रिकामं झालं होतं. भिंतीवर हातोड्यांच्या जागी हातोड्यांच्या आकाराच्या स्वच्छ जागा उरल्या होत्या. बाबांनी फडकं उघडलं, एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, दोन्ही शेजारी धरले. त्यांच्या मिशा हलल्या. आठ महिन्यांत बाईंनी त्या हललेल्या कधी बघितल्या नव्हत्या.

"सांडस मागितला होता," बाबा म्हणाले. "तू बाह्या आणल्यास."

बाईंचे कान गरम झाले. नऊ शिकाऊ मुलींचे नऊ सदरे एकदम आठवले, आणि त्या प्रत्येकीला आपण काय काय बोललो होतो तेही.

"मग कसं करायचं?" त्यांनी विचारलं.

"कात्री आहे ना घरी? ती उघड," बाबा म्हणाले आणि टोपल्यात कोळसे भरायला लागले. त्या दिवशीचे शब्द संपले होते.

घरी येऊन बाईंनी मोठी कात्री टेबलावर ठेवली. पस्तीस वर्षं ती त्यांच्या उजव्या हातात होती, आणि तिच्यात नेमकं काय आहे हे त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं. साहेबांनी 'नीट चाललेली कात्री कशाला बिघडवतेस' म्हणून हरकत घेतली. बाईंनी रिवेटचं डोकं कानशीनं घासून काढलं आणि पाती सुटी केली. दोन्ही पाती सपाट बाजू खाली करून शेजारी ठेवली. अंगठ्याची कडी लहान, बोटांची मोठी, तेवढं सोडलं तर दोन्ही पाती एकाच बाजूला वळत होती. अगदी एकसारखी. डावी उजवी काही नव्हतंच. त्यांनी एक पातं उचलून पालथं केलं आणि दुसऱ्यावर ठेवलं. कात्री झाली.

"म्हणजे दोन डाव्या बाह्या," बाई पुटपुटल्या.

त्यांना रडू यावं असं झालं होतं, आणि हसूही येत होतं. तेवढ्यात हिशोबी साहेबांनीच एक मुद्दा काढला आणि, खरं सांगायचं तर, तो त्यांच्या नोकरीतल्या सगळ्या मुद्द्यांपेक्षा मोलाचा होता. "म्हणजे तुझं अर्धं काम बरोबरच आहे ना? दोन्हीपैकी कुठलाही एक ठेव. आणखी एकच त्याच्यासारखा लागेल."

बाईंनी उजवा ठेवला. तो मनापासून झाला होता.

रविवारी उजाडताच भट्टी पेटली. हातात सहा तास, आणि पहिला अर्धा करायला दोन दिवस लागले होते. बाईंनी घाई केली. घाईत कोळसा जास्त पडला, सळई विस्तवात जास्त वेळ राहिली, आणि बाहेर काढली तेव्हा तिच्या टोकातून पांढऱ्या ठिणग्या तडतडत उडायला लागल्या. लोखंड जळलं होतं. जळलेलं लोखंड कितीही ठोका, भुसभुशीतच राहतं. टोक तोडून टाकावं लागलं, आणि साडेआठ वाजले होते. बाई ओंडक्यावर बसल्या.

साहेबांनी वही मिटली आणि बादलीवर ठेवली. "तू मार," ते म्हणाले, "विस्तव मी बघतो."

पुढचे तीन तास ते एक अक्षर बोलले नाहीत. फेरे मोजले नाहीत. लोखंडाचा रंग बघत पंखा फिरवत राहिले, आणि पिवळं झालं की बाईंनी सांगायच्या आत थांबवत राहिले. कामाच्या धांदलीत बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं, पण एकदा सळई विस्तवातून ओढताना त्यांना जाणवलं, की हा माणूस आठ महिने नुसता बघत नव्हता, शिकत होता. बोलायला वेळ नव्हता. जबडा उजवीकडे, कंबर, भोक, दांडा. पावणेबाराला तोडला. दोन्ही अर्धे, पालथा घातलेला एक आणि उताणा एक, एकमेकांत बसले. रिवेट लालबुंद करून भोकात घातला आणि ठोकून दोन्हीकडून त्याची डोकी बसवली. मग तो गरम असतानाच दांडे उघडझाक, उघडझाक करत राहिल्या, म्हणजे रिवेट घट्ट बसतो पण सांधा आखडत नाही. सांडस उघडला आणि मिटला.

दुकानासमोर टेम्पो उभा होता. ऐरण वर चढली होती. भंगारवाला आणि त्याचे दोन भाऊ घाम पुसत होते. धावत आलेल्या बाईंच्या अंगावर साहेबांची पँट होती, तोंड कोळशानं काळं, हातात सांडस. मागे बादली घेऊन साहेब.

"बारा वाजून गेले," भंगारवाला म्हणाला.

"टेम्पो हलला का?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं." बाबा दुकानात गेले. सकाळपासून काही काम नव्हतं तरी भट्टी पेटलेलीच होती. चहासाठी ठेवलीय, असं ते म्हणाले, पण चहाचं भांडं कुठे दिसत नव्हतं. बोटाएवढ्या जाडीचा एक तुकडा त्यांनी विस्तवात घातला. पिवळा झाल्यावर बाईंच्या सांडसानं उचलला, आणि बाहेर येऊन थेट टेम्पोवर चढले. तिथल्या सामानातून त्यांनी एक हातोडा उपसला.

"बाबा, उतरवून देतो ना ऐरण," भंगारवाला म्हणाला.

"राहू दे," बाबा म्हणाले आणि पहिला घाव घातला.

टेम्पोच्या स्प्रिंगा दबल्या आणि वर आल्या. दुसऱ्या घावाला टेम्पोचा आरसा वाकला. भंगारवाला 'अहो माझी गाडी' म्हणत भोवती फिरू लागला. बाई सांडसाकडे बघत होत्या. घाव बसला की लोखंड जबड्यात फिरतंय का, सरकतंय का. बाबांचा खांदा दुखत असणार, पण घाव नेमके पडत होते. तिसऱ्या घावाला तापलेल्या लोखंडाचा एक पोपडा उडाला आणि टेम्पोतल्या गोणपाटावर जाऊन पडला. गोणपाट धुमसायला लागलं. आठ महिने ज्या घडीची वाट पाहिली ती अशी समोर उभी राहिलेली बघून तागडीसाहेब एक क्षण भांबावले, आणि मग त्यांनी अख्खी बादली रिकामी केली. वाळू गोणपाटावर पडली, ऐरणीवर पडली, बाबांच्या पायांवर पडली आणि भंगारवाल्याच्या डोक्यावर पडली. आग विझली.

बाबांनी ऐरणीवरची वाळू फुंकली आणि आणखी सहा घाव घातले. तुकड्याला टोक आलं, टोक वळलं. जबड्यात लोखंड केसभरही हललं नव्हतं. त्यांनी सांडस उजेडात धरून जबड्यांमधून पाहिलं.

"एवढ्याच जाडीचं धरेल," ते म्हणाले. "जाड-बारीक नाही धरणार."

"एवढ्याच जाडीचं आहे माझ्याकडे," बाई म्हणाल्या.

बाबा खाली उतरले. "हिच्या घरी टाक ऐरण," त्यांनी भंगारवाल्याला सांगितलं. "बाकीचं तुझं." भंगारवाला केसांतली वाळू झटकत होता. तो काहीतरी पुटपुटला, पण आपल्या भावांना हाक मारून टेम्पोत बसला.

बाईंना वाटलं होतं की या क्षणी आपण उड्या मारू. त्याऐवजी त्या दुकानाच्या दाराशी गेल्या. त्यांनी दुकानात बघितलं. भिंती रिकाम्या, हातोडे गेलेले, सांडस टांगायचा लोखंडी दांडा गेलेला. कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी आणि तिच्यावर घडी घातलेले दोन सदरे. एवढंच बाबांबरोबर जाणार होतं.

त्यांनी सांडस परत घ्यायला हात पुढे केला. बाबांनी तो दिला नाही. त्यांनी एकदा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"मुलीकडे पातेली गरम असतात," ते म्हणाले. "उचलायला होईल."

तो सांडस हातभर लांब होता आणि त्यानं पातेलं उचललं असतं तर पातेलं चेपलं असतं. तिसऱ्या मजल्यावर भट्टी लागणार नव्हती, हे बाबांना माहीत होतं आणि बाईंनाही. साहेब काहीतरी बोलायला गेले. बाईंनी त्यांच्या पायावर पाय ठेवला.

बाबांनी पेटी उघडली, वरचा सदरा उलगडला आणि त्यात सांडस गुंडाळायला लागले.

"ओलसर जागी ठेवू नका," बाई म्हणाल्या. "रिवेट नवा आहे, आखडेल. आठवड्यातून एकदा तेलाचा थेंब सोडा, आणि उघडझाक करत जा."

पन्नास वर्षं लोखंड ठोकलेल्या त्या माणसानं गुंडाळणं थांबवलं आणि पहिल्यांदाच कानावर पडत असावं तसं सगळं नीट ऐकून घेतलं.

"किती थेंब?" त्यांनी विचारलं.

"एकच पुरे," बाई म्हणाल्या.

"बरं," बाबा म्हणाले, आणि पेटी लावली.